अपेक्षित आवृत्ती आणि उपलब्ध पाठ : अभिजात मराठी चित्रपटांच्या संग्राहकांच्या तर्कांची चिकित्सा

बीजसंज्ञा : अभिजात चित्रपट, घरगुती आवृत्ती, व्हीसीडी, प्रिंट, पाठभेद, प्रभात फिल्म कंपनी, संग्राहक

प्रस्तावना

साहित्याच्या अभ्यासकाला एखाद्या ग्रंथावर लिहावयाचे झाल्यास आवृत्ती कोणती, संपादक कोण आणि पाठ कोणत्या हस्तलिखितावरून सिद्ध केला आहे, हे प्रश्न प्रथम पडतात. चित्रपटावर लिहिताना मात्र तोच अभ्यासक हे प्रश्न सहसा विचारीत नाही. 'संत तुकाराम' पाहिला म्हणजे 'संत तुकाराम' पाहिला, असे गृहीत धरून तो लिहू लागतो. तो चित्रपट कोणत्या प्रिंटवरून उतरविला होता, किती लांबीचा होता आणि त्याचा ध्वनी मूळ वेगाने चालत होता की नाही, याची नोंद मराठी चित्रपटविषयक लेखनात क्वचितच आढळते. हे प्रश्न नित्यनेमाने विचारणारा एक वर्ग मात्र आहे, आणि तो विद्यापीठाबाहेर आहे. हा वर्ग जुन्या चित्रपटांच्या कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे जमविणाऱ्या संग्राहकांचा होय. पुढे कोणता चित्रपट येईल, कोणाकडून येईल आणि कोणत्या प्रतीवरून येईल, याविषयी तर्क लढविणे हा त्यांचा आवडता उद्योग. वरवर पाहता तो रिकाम्या वेळेचा खेळ वाटतो. प्रत्यक्षात ग्रंथ हाती येण्यापूर्वीच केलेली ती एक प्रकारची पाठचिकित्सा आहे. तिचे सामर्थ्य काय आणि ती कोठे फसते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार माहूरसारख्या ठिकाणाहून करण्यास विशेष कारण आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये पुण्यात झाली. जुन्या चित्रपटांची प्रदर्शने, अभ्यासवर्ग आणि चित्रपट मंडळांचे खेळ हे सारे प्रामुख्याने पुणे-मुंबईच्या परिसरात घडत आले. माहूरहून जिल्ह्याचे ठिकाण असलेले नांदेडच शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे, मग पुण्याची गोष्ट कशाला? मराठवाड्यातील महाविद्यालयात 'साहित्यकृतीचे माध्यमांतर' शिकविणाऱ्या प्राध्यापकाला 'श्यामची आई' किंवा 'कुंकू' दाखवावयाचा असेल, तर बाजारात मिळालेली सीडी हाच त्याचा चित्रपट असतो. संग्रहालयातील मूळ प्रत आणि वर्गातील सीडी यांत अंतर पडले, तर ते विद्यार्थ्याच्या आणि पुढे समीक्षेच्या वाट्याला तसेच येते. म्हणून घरगुती आवृत्तीचा प्रश्न पुण्यातील रसिकासाठी हौसेचा असला, तरी येथे तो अध्यापनाच्या साधनाचा प्रश्न ठरतो.

तर्काची साधने

संग्राहकाचा तर्क हवेत नसतो. त्याची साधने ठरलेली आहेत आणि ती कोणत्याही संशोधकाला लाजविणार नाहीत. पहिले साधन परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचे. भारतीय चित्रपटाच्या आरंभी दिसणाऱ्या या प्रमाणपत्रावर लांबी आणि रिळांची संख्या दिलेली असते. सामान्य प्रेक्षक ते पाहतही नाही, संग्राहक मात्र चित्र थांबवून वाचतो. पस्तीस मिलिमीटरची फिल्म बोलपटाच्या वेगाने मिनिटाला ९० फूट धावते. 'संत तुकाराम'ची लांबी १३१ मिनिटे धरली, तर सुमारे ११,७९० फूट फिल्म झाली. हाती आलेल्या प्रतीचे गणित याहून बरेच कमी भरले, तर काहीतरी गळाले आहे हे उघड होते. प्रमाणपत्रावरील तारीख चित्रपटाच्या वर्षानंतरची असेल, तर ही प्रत पुनःप्रदर्शनाच्या वेळी काढलेली असावी असा कयास बांधता येतो. आणि पुनःप्रदर्शनासाठी चित्रपट आखूड करण्याची व्यापारी सवय सर्वश्रुत आहे.

दुसरे साधन माध्यमाच्या मर्यादेचे. व्हीसीडीच्या एका तबकडीत ७४ ते ८० मिनिटे मावतात. म्हणजे दोन तबकड्यांत फार तर १६० मिनिटे. त्याहून लांब चित्रपट दोनच तबकड्यांत आला, तर वेष्टनावर 'संपूर्ण' असे कितीही ठळक छापलेले असो, संग्राहक त्यावर विश्वास ठेवीत नाही. पाल पद्धतीच्या व्हीसीडीत चित्राचे बिंदू ३५२ गुणिले २८८, तर डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे चौपटीहून अधिक असतात. तेव्हा व्हीसीडीवर पाहिलेल्या चित्रपटाच्या छायाप्रकाशाविषयी ठाम विधाने करणे धाडसाचेच आहे. तरीही अशी विधाने मराठी लेखनात मुबलक सापडतात, हे नमूद केले पाहिजे.

तिसरे साधन अधिक सूक्ष्म आणि अभ्यासकांकडून जवळजवळ दुर्लक्षित राहिलेले आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पाल पद्धतीचे दूरचित्र २५ चौकटींनी. सोपा मार्ग म्हणून चित्रपट तसाच थोडा वेगाने पळविला जातो. वेग चार टक्क्यांनी वाढतो, १३१ मिनिटांचा चित्रपट सुमारे १२६ मिनिटांत संपतो आणि ध्वनीची पट्टी चढते. ती हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या सुमारे सात दशांशांनी चढते. विष्णुपंत पागनीसांचा आवाज ज्याने अशा सीडीवरच ऐकला, त्याने तो मूळ पट्टीत ऐकलेलाच नाही. लयही किंचित द्रुत झालेली असते. केशवराव भोळे यांच्या संगीतावर लिहिणाऱ्याने ही एक गोष्ट तपासली नाही, तर पट्टीविषयीचे त्याचे निरीक्षण यंत्राविषयीचे ठरेल, संगीतकाराविषयीचे नव्हे. त्यामुळे वेष्टनावरील मिनिटांचा आकडा पाच-सहांनी कमी दिसला की तो कापलेला चित्रपट आहे की पळविलेला, याचा वाद संग्राहकांत रंगतो. हा वाद पोरकट नाही.

चौथे साधन कायद्याचे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे चित्रपटावरील हक्काला मुदत आहे. १९९२ च्या दुरुस्तीने ती पन्नासवरून साठ वर्षे झाली. प्रदर्शनानंतरच्या वर्षारंभापासून ही वर्षे मोजली जातात. त्या हिशेबाने 'श्यामची आई' (१९५३) हा २०१३ च्या अखेरीस, तर 'सांगत्ये ऐका' (१९५९) २०१९ च्या अखेरीस मुदतीबाहेर गेला. १९३६ चा 'संत तुकाराम' कोणत्याही हिशेबाने २००० पूर्वीच मुक्त झाला होता. यावरून संग्राहक असा निष्कर्ष काढतात की हक्क संपला म्हणजे आवृत्त्या येणार. येथे त्यांचा तर्क अर्धाच खरा ठरतो. आवृत्त्या येतात, परंतु चांगली आवृत्ती येत नाही. ज्याच्या मालाची दुसऱ्या दिवशी कोणीही नक्कल करू शकतो, तो शुद्धीकरणावर पैसा कशाला घालील? शिवाय मुक्त झाला तो चित्रपट, निगेटिव्ह नव्हे. चांगली सामग्री ज्याच्या कपाटात आहे, त्याच्याच हाती किल्ली राहते. संग्रहालयाकडे प्रत असते पण विक्रीचा हक्क नसतो, वारसाकडे हक्क असतो पण धड प्रत नसते, आणि विक्रेत्याकडे दोन्ही नसून दूरचित्रवाणीसाठी उतरविलेली जुनी टेप असते. ही त्रिस्थळी यात्रा पूर्ण झाल्याशिवाय चांगली आवृत्ती निघत नाही.

संतपटांचा बाजार

मराठी संग्राहकांचा सर्वांत जुना तर्क असा की, संतपट आणि पौराणिक चित्रपट आधी येतील, सामाजिक चित्रपट मागाहून. हा तर्क साधार आहे. माहूर, तुळजापूर, पंढरपूर या क्षेत्रांच्या बाजारपेठांत व्हीसीडीच्या काळात कुंकू-बुक्का, बांगड्या आणि तसबिरींच्या शेजारी देवीच्या आरत्यांच्या आणि क्षेत्रमाहात्म्याच्या सीडी विकावयास आल्या. रेणुकेच्या दर्शनाला आलेल्या भाविकाने परतताना प्रसादाबरोबर अशी सीडी नेणे स्वाभाविक होते. ज्या गिऱ्हाइकाला देवीचे माहात्म्य हवे, त्याला 'संत तुकाराम', 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) आणि 'संत सखू' (१९४१) हेही हवेत, हे व्यापाऱ्याला कळते. त्यातच २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास प्रारंभ केला. चित्रपट ही भाड्याने आणण्याची वस्तू राहिली नाही, पूजेच्या पुस्तकाप्रमाणे घरात ठेवण्याची वस्तू झाली. पुढे ही कंपनीच अवसायनात निघाली आणि २०१८ मध्ये तसा आदेश झाला.

परंतु या मार्गाने आलेल्या आवृत्तीची किंमतही मोजावी लागली. भाविक ग्राहक प्रिंट विचारीत नाही. पांडुरंग दिसला आणि अभंग ऐकू आला, की त्याचे समाधान होते, आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र ज्या चित्रपटांचा खप हमखास, त्यांच्याच आवृत्ती सुधारण्याची व्यापारी निकड सर्वांत कमी, असा विचित्र न्याय यातून निर्माण झाला. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ मध्ये नावाजला गेलेला चित्रपट बाजारात भक्तिपट म्हणून विकला गेला. दामले-फत्तेलालांची साधी, न हलणारी वाटणारी चौकट, तुकारामाची निश्चलता आणि गौरीबाईंनी उभ्या केलेल्या आवलीची सततची हालचाल यांतील ताण हा या चित्रपटाचा प्राण होय. आवलीच्या तोंडचा रोकडा प्रपंच नसेल, तर तुकारामाचा परमार्थ पोकळ वाटेल. पडद्याच्या कडा कापून चित्र बसविलेल्या किंवा उजेड जळालेल्या प्रतीत आवलीच्या भोवतालचे घर, चूल आणि गोठा हे सारे विरघळून जाते, आणि उरतात ते चमत्कार. म्हणजे निकृष्ट आवृत्ती चित्रपटाचा अर्थच एका बाजूला कलंडविते. बाजाराला जो भक्तिपट हवा होता, तो अशा रीतीने वाईट प्रतीतून आपोआप घडत जातो.

याच चित्रपटासंबंधी एक प्रसिद्ध गोष्ट येथे आठविणे सयुक्तिक ठरेल. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेले एक पद इतके बेमालूम उतरले की जाणकारांनाही ते गाथेतील वाटले. गाथेच्या पाठाची खातरजमा करणारी परंपरा असल्यामुळेच हा उलगडा होऊ शकला. चित्रपटाच्या पाठाची अशी गाथा कोणाजवळ आहे?

ध्वनीचा प्रश्न : 'कुंकू'

सामाजिक चित्रपटांपैकी 'कुंकू' (१९३७) हा संग्राहकांच्या अपेक्षायादीत नेहमी वरच्या स्थानी राहिला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरील या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीताचा त्याग केला. जे ऐकू येते त्याचा उगम दृश्यातच असतो. म्हाताऱ्या काकासाहेबांच्या घरातील भिंतीवरचे घड्याळ हे या चित्रपटातील जवळजवळ एक पात्रच होय. शांता आपटे यांच्या नीरेचे बंड आणि केशवराव दाते यांच्या काकासाहेबांचा हळूहळू होणारा पश्चात्ताप यांच्यामध्ये ते वाजत राहते.

अशा चित्रपटात शांतता हीच रचना असते, आणि जुन्या ऑप्टिकल ध्वनिपट्टीतील शांतता ही खरखरीने भरलेली असते. ही खरखर काढण्यासाठी यांत्रिक गाळणी लावली की तिच्याबरोबर घड्याळाची टकटक, पावलांचा आवाज, दाराची कुरकुर हे उच्च कंपनांचे नादही निघून जातात. उरतात ते केवळ संवाद. संग्राहकांत याबाबत दोन तट पडतात. एकाला स्वच्छ आवाज हवा, दुसऱ्याला खरखर चालते पण घड्याळ हवे. यांतील दुसरा तट चित्रपट अधिक समजलेला आहे, असे निःशंकपणे म्हणता येईल. 'कुंकू'च्या वास्तववादावर मराठीत बरेच लिहिले गेले, परंतु तो वास्तववाद ज्या ध्वनियोजनेवर उभा आहे ती कोणत्या प्रतीत शाबूत आहे, हा प्रश्न त्या लेखनात क्वचितच येतो.

भाषेचा प्रश्न याला लागूनच येतो. प्रभातने अनेक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढले: 'कुंकू' आणि 'दुनिया न माने', 'माणूस' आणि 'आदमी' (१९३९), 'शेजारी' आणि 'पडोसी' (१९४१). ही भाषांतरित ध्वनी चिकटविलेली रूपे नव्हेत, ते स्वतंत्रपणे चित्रित झालेले जोडचित्रपट होत. 'शेजारी'त केशवराव दाते आणि गजानन जागीरदार आहेत, तर 'पडोसी'त मझहर खान आणि जागीरदार. हिंदू-मुस्लिम मैत्रीच्या या कथेत हिंदी आवृत्तीपुरता मुस्लिम नट हिंदू शेजाऱ्याच्या आणि हिंदू नट मुस्लिम शेजाऱ्याच्या भूमिकेत आहे. हा अर्थपूर्ण अदलाबदलीचा योग मराठी आवृत्तीत नाही. तेथे दात्यांचा अभिनय आहे आणि तो हिंदीत नाही. तेव्हा एक पाहून दुसऱ्यावर लिहिता येत नाही. हिंदीचा बाजार मोठा असल्यामुळे हिंदी रूप आधी येईल, ही संग्राहकांची अटकळ व्यवहारी आहे. पण मराठी रूप मिळाले नाही म्हणून हिंदीवर समाधान मानण्याची त्यांची तयारी तेवढी सयुक्तिक नाही.

वासना आणि पाठ

मराठी वाङ्मयाला हा प्रश्न नवा नाही, आणि त्याचा सर्वांत जुना धडा माहूरच्याच परिसराशी जोडलेल्या परंपरेत सापडतो. महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी श्रीदत्तात्रेयप्रभूंचे माहूर हे ठाणे. चक्रपाणींना येथेच दत्तात्रेयांची कृपा लाभली अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. त्याच संप्रदायाचा आद्य ग्रंथ 'लीळाचरित्र'. म्हाइंभटांनी अनेकांकडे फिरून, विचारून जमविलेल्या लीळांची मूळ प्रत धाडीत नष्ट झाली. नंतर शिष्यांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा सिद्ध केली, आणि त्यामुळे एकाच लीळेची अनेक रूपे झाली. या पाठांतरांना संप्रदायात 'वासना' म्हणतात. अमुकाची वासना अशी, तमुकाची वासना अशी, अशी नोंद पोथीत प्रामाणिकपणे केलेली आढळते. वि. भि. कोलते यांच्या १९७८ च्या संपादनामागे याच पाठपरंपरेचा प्रदीर्घ अभ्यास होता.

चित्रपटाची अवस्था याहून निराळी नाही. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाची थोडीच रिळे उरली आहेत, आणि ती १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ मध्ये त्याच कथेचे पुन्हा चित्रण केले त्याची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. भारतीय चित्रपटाचा आरंभ म्हणून वारंवार दाखविली जाणारी दृश्ये ही अशी एक वासनाच आहे. पण तिच्याबरोबर ती कोणाची, हे सांगण्याची महानुभावांची शिस्त मात्र पाळली जात नाही.

संग्राहकांना 'वासना' या शब्दाचे दोन्ही अर्थ लागू पडतात. ते ज्या आवृत्तीची इच्छा करतात, तिच्याविषयी त्यांचे स्मरणही असते. लहानपणी गावच्या तंबूत वा दूरदर्शनवर पाहिलेल्या चित्रपटात अमुक गाणे होते, ते सीडीत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. स्मृती फसवी असते हे खरे. तरी अशी स्मरणे टिपून ठेवली, दोन जणांची जुळतात का पाहिली आणि लांबीच्या हिशेबाशी ताडली, तर ती पुरावा ठरू शकतात. म्हाइंभटांनी याहून वेगळे काय केले? संग्राहकांचा दोष असा की, ते हे करीत नाहीत. नवी आवृत्ती हाती पडेपर्यंत प्रतीविषयी अत्यंत काटेकोर असणारा संग्राहक ती पडल्यावर तिचे वेष्टन न फोडता कपाटात लावतो आणि पुढील नावाविषयी तर्क करू लागतो. चिकित्सा जेथे सुरू व्हावयास हवी, तेथे ती संपते.

यादीबाहेरचे चित्रपट

या अपेक्षांची दुसरी मर्यादा अभिरुचीची आहे. कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्यास गेलेली प्रभात, त्यानंतर आचार्य अत्रे, राजा परांजपे, मग एकदम 'सामना', 'सिंहासन' (१९७९), 'उंबरठा' (१९८२), असा संग्राहकांच्या 'अभिजात' यादीचा ठरीव प्रवास असतो. तो पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाने आखला आहे. मराठवाड्याच्या आणि विदर्भाच्या गावोगाव ज्याला प्रेक्षक होता, तो तमाशापट या यादीत कडेलाच राहतो. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. त्यातील हंसा वाडकर यांच्या आत्मकथनाने पुढे हेच नाव घेतले आणि त्या आत्मकथनावरून श्याम बेनेगल यांनी 'भूमिका' (१९७७) हा हिंदी चित्रपट काढला. म्हणजे एका तमाशापटाचे नाव मराठी आत्मचरित्रातून भारतीय समांतर चित्रपटापर्यंत पोहोचले. तरी 'भूमिका'च्या चांगल्या आवृत्तीची वाट पाहणारा रसिक 'सांगत्ये ऐका'च्या प्रतीची चौकशी करीत नाही. 'पिंजरा' (१९७२) २०१६ मध्ये डिजिटल रूपात पुन्हा चित्रपटगृहांत आला, त्यामागे शांतारामांच्या नावाचे वजन होते. ज्या दिग्दर्शकांच्या मागे असे नाव नाही, त्यांच्या लावण्या ध्वनिमुद्रिकांवर राहिल्या आणि चित्रे राहतील की नाही, याची शाश्वती नाही. गाणी सुटी विकता येतात म्हणून त्यांची काळजी घेतली गेली. नाचणाऱ्या बाईचा चेहरा सुटा विकता येत नाही.

हा पक्षपात परदेशी आवृत्तींच्या आकर्षणाने अधिक घट्ट होतो. १९८४ पासून अभिजात चित्रपटांच्या साक्षेपी आवृत्ती काढणाऱ्या अमेरिकेतील क्रायटेरियन कलेक्शनची पुढील नावे कोणती, हा जगभरच्या संग्राहकांचा तर्कविषय आहे. लंडनमध्ये १९९३ च्या आगीत होरपळलेल्या निगेटिव्हमधून बोलोन्याच्या प्रयोगशाळेने सत्यजित राय यांची अपूत्रयी सावरली आणि २०१५ मध्ये ती या मालिकेत आली. ऋत्विक घटक यांचा 'तिताश एकटि नदीर नाम' आणि उदय शंकर यांचा 'कल्पना' यांनाही तेथे स्थान मिळाले. तेव्हा पुढचे नाव एखाद्या मराठी चित्रपटाचे असावे, अशी आशा बाळगणे स्वाभाविकच आहे. परंतु अशा आवृत्तीसाठी केवळ गुणवत्ता पुरत नाही, सामग्री लागते. सामग्रीच्या दृष्टीने पाहता यादीतील काही नावे केवळ इच्छेच्या प्रांतात राहतात. बाबूराव पेंटर यांचा मूकपट 'सावकारी पाश' (१९२५) आज स्थिरचित्रांतूनच पाहावा लागतो. 'आलम आरा' (१९३१) हाती नसल्यामुळे प्रभातचा 'अयोध्येचा राजा' (१९३२) हा उपलब्ध भारतीय बोलपटांत सर्वांत जुना मानला जातो. आणि ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, प्रभातच्याच जुन्या आवारातील साठ्याला लागलेल्या आगीत नायट्रेट रिळे जळाली. नायट्रेट फिल्म पेटली की विझवता येत नाही, ती जळताना स्वतःच प्राणवायू सोडते. त्या दिवसानंतर प्रभातकालीन चित्रपटांविषयीचा प्रत्येक तर्क हा मुळाविषयीचा न राहता नकलेविषयीचा झाला, ही गोष्ट संग्राहकांच्या चर्चेत अद्याप पुरती मुरलेली दिसत नाही.

उलट, जे कोणाच्याही यादीत नव्हते ते अवचित समोर येते. युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हने काढलेल्या 'घाशीराम कोतवाल' (१९७६) या चित्रपटाची प्रत बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेकडे टिकून होती. तिच्यावरून सिद्ध केलेली डिजिटल प्रत २०१४ मध्ये तेथील महोत्सवात दाखविली गेली. पेशवाईतील पुण्यावरचा मराठी चित्रपट सावरला गेला तो जर्मनीत. महोत्सवासाठी गेलेली एखादी प्रत परत न येणे, हे कित्येकदा चित्रपटाचे भाग्य ठरते. म्हणून येणाऱ्या आवृत्तीचा अंदाज बांधताना पुण्या-मुंबईच्या वितरकांपेक्षा जुन्या महोत्सवांच्या कार्यक्रमपत्रिका चाळणे अधिक फलदायी होय.

सरकारी प्रयत्नांकडेही याच नजरेने पाहावे लागते. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. त्याच वर्षी सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. 'श्यामची आई'ची संस्कारित प्रत २०२३ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखविण्यात आली. त्याच वर्षी साने गुरुजींच्या या कथेवरील नवा कृष्णधवल चित्रपटही आला. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळविणाऱ्या अत्र्यांच्या चित्रपटासंबंधी संग्राहकांची अपेक्षा यामुळे साहजिकच बळावली. मात्र महोत्सवातील एक प्रदर्शन आणि प्राध्यापकाच्या हाती येणारी आवृत्ती यांमध्ये वर पाहिलेली तीच त्रिस्थळी उभी आहे. दरम्यान महाविद्यालयाच्या ग्रंथालयात 'श्यामची आई'ची जी जुनी सीडी आहे, तिच्या दाखलनोंदीत नाव, किंमत आणि खरेदीची तारीख असते. प्रमाणपत्रावरील लांबी, रिळांची संख्या, तबकड्यांवरील एकूण मिनिटे आणि मध्येच तुटलेल्या दृश्यांच्या जागा या चार गोष्टी तिच्यापुढे लिहिण्यास एक दुपार पुरे. संस्कारित प्रत जेव्हा केव्हा येईल, तेव्हा वनमालाबाईंच्या आईचे कोणते दृश्य आजवरच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेच नव्हते, हे त्या नोंदीशिवाय कळणार नाही.